नेम धरण्यापूर्वी

सन २०२४ च्या आषाढ वद्यात मोहाडीच्या शिवारात धानाची रोवणी ऐन भरात होती. आमच्या घरातील निम्मी मंडळी बांधावर व निम्मी स्वयंपाकघरात गुंतलेली असताना १ ऑगस्टच्या दुपारी पॅरिसहून वार्ता आली की, कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडी या खेड्याचा स्वप्नील कुसाळे ऑलिंपिकच्या पन्नास मीटर रायफलीच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून तिसरा आला. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन पवित्र्यांत ही स्पर्धा होते. १९५२ साली हेलसिंकीस खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, त्यानंतर महाराष्ट्राच्या एखाद्या खेळाडूने स्वतःच्या एकट्याच्या बळावर पदक आणावे यास बाहत्तर वर्षे लागली. शिवाय मुलगा शिक्षकाचा; तेव्हा आम्हांसही जरा अंगावर मूठभर मांस चढले, हे कबूल करावयास हरकत नाही.

त्याच रात्री पानावर बसल्या बसल्या आमच्या नातीने, जी त्या वेळी आठव्या इयत्तेत होती, शांतपणे सांगितले, "आजोबा, मला नेमबाजी शिकायची आहे."

एकत्र कुटुंबात असे वाक्य पडले की त्याचे काय होते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या वडील भगिनी, ज्यांस सारे घर माई म्हणते, त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "ब्राह्मणाच्या घरात बंदूक? देवघराशेजारी ठेवणार का ती?" आमचे धाकटे बंधू घरचे जमाखर्च पाहतात, त्यांनी बंदुकीची किंमत विचारली. सूनबाईंनी दहावीच्या वर्षाची आठवण करून दिली. सर्वांची नजर मग आमच्याकडे वळली. आम्ही "पाहू" एवढेच म्हणालो, आणि हात धुवावयास उठलो.

आमचा आक्षेप यांपैकी एकही नव्हता. तो निराळाच होता, आणि तो आम्ही छत्तीस वर्षे कोणापाशी बोललो नव्हतो.

१९८८ साली आम्ही आठवीस संस्कृत शिकवीत होतो. आदिपर्वातील द्रोणाचार्यांच्या परीक्षेची कथा आम्ही मोठ्या हौसेने सांगत असू. झाडावरचा पक्षी, आचार्यांचा प्रश्न, अर्जुनाचे उत्तर! खडूने फळ्यावर पक्ष्याचा डोळा काढून आम्ही एकेका मुलास उभे करीत असू आणि "काय दिसते?" म्हणून विचारीत असू. एक मुलगा फार चुणचुणीत उत्तरे देई. त्यास आम्ही भर वर्गात "आमचा अर्जुन" म्हटले. त्या दिवाळीत त्याच्या मामाने त्यास छऱ्यांची बंदूक आणून दिली. दिवाळीची सुट्टी संपण्यापूर्वीच वार्ता कानी आली की, त्याच्या सहा वर्षांच्या भावाचा उजवा डोळा छऱ्याने गेला. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्या माउलीने आम्हांस पाट दिला, चहा दिला. एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून ती कथा आम्ही वर्गात पुन्हा सांगितली नाही, आणि बंदूक या वस्तूविषयी आमच्या मनाने जो निकाल दिला तो कायमचा दिला.

नातीच्या मागणीनंतर तीन-चार दिवसांनी आम्ही ती कथा पुन्हा एकदा मूळ ग्रंथात काढून वाचली. वाचताना आम्हांस आमचीच लाज वाटली. मुलांस सांगताना ज्या दोन गोष्टी आम्ही सहज गाळीत असू, त्या तेथे स्पष्ट लिहिलेल्या आहेत. पहिली ही की, झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला तो भास पक्षी जिवंत नव्हता; आचार्यांनी तो कारागिरांकडून करवून घेतलेला कृत्रिम पक्षी होता. दुसरी गोष्ट याहून मोठी. प्रथम युधिष्ठिरास बोलाविले. त्यास झाड, भाऊ, गुरू, पक्षी सारेच दिसत होते. त्यास आचार्यांनी बाजूस केले. मागून दुर्योधनादिकांची, भीमादिकांची तीच गत झाली. इतक्या राजपुत्रांनी धनुष्ये ताणली, आणि एक वगळून सर्वांस ती बाण न सोडता खाली घ्यावी लागली. त्या संपूर्ण परीक्षेत बाण सुटला तो एकच! आम्ही मात्र आयुष्यभर त्या सुटलेल्या बाणाची कथा शिकविली. न सुटलेल्या बाणांची शिकविली नाही.

मग आम्ही धीर करून त्या सहा वर्षांच्या मुलाकडे गेलो. तो आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे व बाजारात त्याचे दुकान आहे. नातीची हकिकत आम्ही त्यास सांगितली आणि विचारले, "तुझे काय मत?" तो थोडा वेळ वजनकाट्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, दादानं माझ्यावर नेम धरला नव्हता. तो पेरूच्या झाडावरच्या मैनेला मारत होता. मैना उडाली. त्यानं बंदूक तशीच भिंतीला टेकवली आणि पाणी प्यायला गेला. शेजारच्या पोरानं उचलली. पाखरू उडालं, गोळी आतच राहिली, एवढंच झालं." आणि मग, जणू गिऱ्हाइकास भाव सांगावा तितक्याच सहजपणे, "नीट शिकवणारा कोणी असेल तर शिकू द्या पोरीला. दादाला कोणी शिकवलंच नव्हतं."

"नीट शिकवणारा" या दोन शब्दांनी आमची वाट मोकळी केली. पुढच्याच आठवड्यात आम्ही नातीस व तिच्या वडिलांस घेऊन एस.टी.ने भंडाऱ्यास व तेथून नागपुरास गेलो, आणि तेथील एका नेमबाजीच्या केंद्रात एक संपूर्ण सकाळ भिंतीशी बाकावर बसून काढली. जे पाहिले ते आता सांगतो. कारण ज्या घरांत असाच प्रश्न उभा आहे, अशी घरे आज पुष्कळ असतील.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती तेथील शांतता. आम्ही आवाजाची अपेक्षा केली होती. ऐकू आला तो दाबलेली हवा सुटल्याचा बारीक 'फट्' एवढाच. नवशिक्या मुलांच्या हाती दारूची बंदूक देतच नाहीत. दहा मीटरवरून मारावयाची हवेची रायफल किंवा हवेचे पिस्तूल, यांनीच विद्यारंभ होतो. गोळी शिशाची, साडेचार मिलिमीटर व्यासाची, वजनाने अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. रायफलीच्या लक्ष्यपत्रावरील वर्तुळे सारी मिळून साडेपंचेचाळीस मिलिमीटरांत मावतात आणि मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो. पिस्तूल एकाच हाताने धरावयाचे असल्यामुळे त्याचे लक्ष्य मोठे. त्यातील दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरांचे. मोठ्यांच्या स्पर्धेत साठ गोळ्या माराव्या लागतात व त्यांस पंचाहत्तर मिनिटे मिळतात. हिशेब करून पाहावा: एका गोळीस सव्वा मिनिट. घाईचा हा खेळच नव्हे.

दुसरी गोष्ट पाहिली ती आम्ही विसरणार नाही. आमच्या समोरच्या जागेवर पंधराएक वर्षांची एक मुलगी उभी होती. तिने रायफल खांद्यास लावली, गाल टेकविला, श्वास अर्धा सोडला, थांबली, आणि रायफल खाली घेतली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. असे पाच वेळा झाले. सहाव्या वेळी गोळी सुटली. आम्ही शिक्षकांस विचारले, "हिला भीती वाटते काय?" ते हसले व म्हणाले, "नाही गुरुजी. माझ्याकडची ही सर्वांत चांगली मुलगी. श्वास रोखल्यावर पाच-सात सेकंदांत गोळी सुटली नाही तर डोळा शिणतो, हात थरथरू लागतो. तेव्हा ओढून मारणे ही चूक. खाली घ्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. हे यायलाच मुलांना वर्ष लागते."

आमच्या मायबोलीने हे फार पूर्वीच सांगून ठेविले आहे, असे आम्हांस तेथे बसल्या बसल्या वाटले. 'नेम धरणे' म्हणजे लक्ष्य साधणे. आणि 'नेम धरणे' म्हणजेच व्रत घेणे. चातुर्मासात माई जो नेम धरतात, आणि ती मुलगी जो नेम धरीत होती, त्यांस शब्द एकच आहे. पहिला साधावयाचा तर दुसरा पाळावा लागतो. यापलीकडे या विद्येत फारसे गूढ नाही.

आता ज्यांच्या घरी हा विषय निघाला आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी.

पहिल्या सहा महिन्यांत काहीही विकत घेऊ नये. आमच्या बंधूंस हे वाक्य फार आवडले. स्पर्धेची परदेशी बनावटीची रायफल लाखांच्या घरात जाते. तिच्याबरोबर ताठ कापडाचा अंगरखा, विजार व सपाट तळाचे जोडे लागतात. वाढत्या अंगाच्या मुलास आज घेतलेला अंगरखा पुढल्या वर्षी होत नाही. चांगल्या केंद्रात शिकाऊ मुलांस केंद्राची बंदूक मिळते. त्यावरच हात बसवावा. पिस्तुलास सरंजाम कमी, म्हणून खर्चही कमी; परंतु मुलाचा कल व शरीर पाहून शिक्षकांनीच निवड करावी हे उत्तम.

प्रथम डोळ्याची परीक्षा घ्यावी. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक मुख्य असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दोन्ही हात पुढे पसरून अंगठे व तर्जनी यांचा लहानसा त्रिकोण करावा, त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीवरील एखादा खिळा पाहावा, आणि मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना खिळा त्रिकोणातच राहतो तो मुख्य डोळा. कित्येक उजव्या हाताच्या मुलांचा मुख्य डोळा डावा निघतो. हे आरंभीच कळले तर शिक्षकांस उपाय करता येतो. वर्षभराने कळले तर सारा सराव उलटा फिरवावा लागतो.

उभे राहणे हा अर्धा खेळ आहे. पवित्रा घेऊन डोळे मिटावे, दोन श्वास घ्यावे, अंग सैल सोडावे, आणि डोळे उघडून पाहावे की नळी आपणहून कोठे वळली आहे. ती लक्ष्याच्या डावीकडे असेल तर हाताने ओढून उजवीकडे आणू नये, पाय सरकवावे. हाताने ओढलेला नेम चाप दाबताच मूळ जागी परततो. संस्कार पायांवर न करता केवळ हातांवर केले तर काय होते, हे आम्हां शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

पिस्तुलाच्या विद्यार्थ्यांस तर एक चमत्कारिक आज्ञा असते: लक्ष्याकडे पाहू नका, नळीच्या टोकावरील माशीकडे पाहा! मनुष्याचा डोळा जवळचे व दूरचे एकाच वेळी स्वच्छ पाहू शकत नाही. माशी रेखीव दिसली पाहिजे व दूरचे काळे वर्तुळ अंधूक राहिले पाहिजे. उलट झाले की गोळी भरकटलीच. अर्जुनाच्या उत्तराच्या हे विरुद्ध आहे, असे आम्ही शिक्षकांस म्हणालो. त्यावर आमची नातच म्हणाली, "आजोबा, दूरचं आपल्या हातात नसतं. जवळचं असतं." तिने हे कोठे ऐकले होते कोण जाणे; परंतु संस्कृताच्या मास्तरास त्यावर भाष्य करण्याची आवश्यकता उरली नाही.

सुरुवातीस गुण मोजू नयेत, पुंजका पाहावा. दहा गोळ्या लक्ष्यपत्राच्या एका कोपऱ्यात एकमेकींस चिकटून लागल्या तर ते मोठे यश होय, कारण साधन फिरवून तो पुंजका मध्यावर आणता येतो. एक गोळी मध्यावर व नऊ चहूकडे, ही मात्र निव्वळ दैवाची कृपा. आणि रोजची एक वही ठेवावी: किती गोळ्या, कोणता पवित्रा, झोप कशी झाली, चहा घेतला होता की काय. चहा-कॉफीने हात थरथरतो, हे या मुलांस आठवड्याभरात आपणच कळते.

आता सुरक्षिततेविषयी. आमच्या कथेतील त्या दुकानदाराने जे सांगितले त्याचीच ही शास्त्रीय रूपे आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून हाताळावी. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेसच असावे. मारावयाचे ठरेपर्यंत बोट चापावर नसावे. मारणे रहित झाले की त्या क्षणी गोळी काढावी. केंद्रात तर नळी रिकामी आहे हे दिसावे म्हणून तीत रंगीत दोरी घालून ठेवण्याचा दंडक आहे. "थांबा" अशी आज्ञा होताच सर्वांनी बंदुका खाली ठेवावयाच्या, मग स्पर्धा कोणतीही असो. घरी आणल्यास बंदूक एका कुलपात व गोळ्या दुसऱ्या कुलपात, किल्ली कर्त्या माणसापाशी. स्पर्धेच्या हवेच्या रायफलीतील गोळी सेकंदास सुमारे पावणेदोनशे मीटर वेगाने जाते. तिला खेळणे म्हणणाऱ्याने आमच्याबरोबर बाजारातील त्या दुकानापर्यंत यावे.

शिसे हे विष आहे, आणि लहान मुलांच्या मज्जासंस्थेस ते विशेष घातक आहे. गोळ्या तोंडात धरण्याची काही मुलांस सवय असते, ती मोडावी. सरावाच्या जागी काही खाऊ नये. सराव संपताच साबणाने हात स्वच्छ धुवावे आणि मगच डबा उघडावा. सोवळ्याओवळ्याचा हा एक नवा नियम माईंनी मोठ्या संतोषाने आपल्या अखत्यारीत घेतला आहे.

कायद्याची माहितीही असावी. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा व त्याखालील २०१६ चे नियम लागू आहेत. साडेचार मिलिमीटर व्यासापर्यंतच्या व वीस ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागत नाही. पॉइंट टू टू सारख्या दारूच्या बंदुकीस लागतो. परवाना नको म्हणजे बंधन नको, असा अर्थ मात्र कोणी करू नये. वन्य पशुपक्ष्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरविली आहे, मग हत्यार हवेचे असो वा दारूचे. मैना, पोपट, बगळे यांवर हात साफ करणारा मुलगा नेमबाज होत नाही. त्याची स्तुती करणारे मामा आणि मास्तर यांनी वेळीच सावध व्हावे. आम्ही झालो नाही.

राहता राहिला माईंचा आक्षेप. त्यांस आम्ही द्रोणाचार्यांचे कुळ सांगितले, त्या म्हणाल्या, "ते द्वापरयुग." मग आम्ही कलियुगातील दाखला काढला. भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष कोण होते? तर गणेश वासुदेव, म्हणजे दादासाहेब मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती, अहमदाबादचे वकील, आणि गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले. राष्ट्रीय स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या नवख्या नेमबाजांसाठी जी अखिल भारतीय स्पर्धा होते, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अहिंसेचे व्रत घेतलेल्या मनुष्यास या खेळाचे पालकत्व पत्करताना संकोच वाटला नाही. कारण कागदावरील वर्तुळास छेद देण्यात हिंसा नाही, आणि हत्यार हाती असता स्वस्थ राहता येणे हेच अहिंसेचे खरे शिक्षण आहे. माईंनी ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मावळंकर आपल्यातलेच ना? मग असू दे. पण देवघराकडे नळी करायची नाही." नियम अगदी बरोबर होता.

सूनबाईंच्या शंकेचे उत्तर मात्र इतक्या सहज देता येत नाही, आणि ते गोड करून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या खेळात पदके आहेत. मुंबईच्या अंजली भागवतांनी महाविद्यालयातील एन.सी.सी.त बंदूक प्रथम हाती घेतली, आणि २००० साली सिडनीस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिकला जगज्जेत्या झाल्या. त्याच शहराच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. परंतु त्याच तेजस्विनीबाईंस जगज्जेतेपदानंतर ऑलिंपिकचे मैदान पाहावयास २०२१ सालचे टोकियो उजाडावे लागले. तेव्हा त्या चाळीस वर्षांच्या होत्या. कुसाळे यांनीही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एक तप घालविल्यावर ऑलिंपिकचे दार उघडले. मध्यंतरी रेल्वेत तिकीट तपासण्याची नोकरी करून त्यांनी हा खेळ चालविला. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने २०२२ साली कैरोस जगज्जेतेपद मिळवून भारतासाठी ऑलिंपिकची एक जागा जिंकली. तथापि ती जागा देशाची असते, खेळाडूची नव्हे, आणि निवडीच्या वेळी ती दुसऱ्यास मिळाली. ज्या घरास केवळ पदक हवे आहे, त्या घराने हे तीन दाखले भिंतीवर लिहून ठेवावे आणि मगच मुलास पाठवावे. दहावीच्या परीक्षेस या खेळाने विघ्न येते की मदत होते, हे मुलावर अवलंबून आहे. आम्ही एवढेच पाहिले की, सव्वा मिनिट एका ठिपक्यापाशी ज्याचे मन थांबू शकते, ते व्याकरणाच्या एका सूत्रापाशीही थांबू शकते.

नातीचा सराव सुरू होऊन आता पुष्कळ दिवस झाले. रविवारी तिचे वडील तिला नागपुरास नेतात; इतर दिवशी ती अंगणातील कोऱ्या भिंतीसमोर, बंदुकीशिवाय, नुसत्या पवित्र्यात दहा दहा मिनिटे उभी राहते. पहिल्या पहिल्याने शेजारची मुले हसत; आता त्यांपैकी दोघे तिच्याशेजारी येऊन उभे राहतात. ती अद्याप कोणतीही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही. जिंकेल किंवा न जिंकेल. आमचा त्याविषयी काही आग्रह नाही.

गेल्या महिन्यात तिची वही आमच्या हाती पडली. गुणांचे रकाने आम्हांस फारसे कळत नाहीत. परंतु एका रविवारच्या पानावर तळाशी तिने लिहिले होते: "आज सात वेळा खाली घेतली. सातही वेळा बरोबर." आम्ही चष्मा पुसला व ते वाक्य पुन्हा वाचले. मग वही घेऊन बाजारात गेलो आणि त्या दुकानदारास ते पान दाखविले. त्याने वही डाव्या बाजूस धरून, मान जराशी वळवून, सावकाश वाचले. म्हणाला, "गुरुजी, दादाला दाखवू का हे?"

त्याचा दादा आता नागपुरास असतो. त्या दिवाळीपासून त्याने आम्हांस कधी तोंड दाखविले नव्हते. पुढच्या रविवारी तो केंद्राच्या दाराशी आला, नातीचा सराव संपेपर्यंत आमच्याशेजारी त्याच बाकावर बसला, आणि जाताना वाकून नमस्कार करून म्हणाला, "सर, ती गोष्ट आता पुन्हा शिकवा. पूर्ण शिकवा."

म्हणून हे सारे लिहिले. ज्यांच्या घरी अर्जुनाची कथा सांगितली जाते, त्यांनी ती अवश्य सांगावी. परंतु पक्षी कृत्रिम होता आणि बाण एकच सुटला, एवढे सांगावयास विसरू नये.